हॉटेलच्या खोलीतील पेला नेमका कोणाच्या अखत्यारीत?

प्रति,
मा. संपादक,

विषय : हॉटेल व लॉजच्या खोल्यांतील पेले, कप, चहाच्या किटल्या आणि कॉफीयंत्रे यांची स्वच्छता

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत उघड्यावरचे खाद्यपदार्थ, सरबतवाल्यांचा बर्फ आणि इमारतींच्या पाण्याच्या टाक्या यांची चर्चा वृत्तपत्रांतून दरवर्षी होते, आणि ती व्हायलाच हवी. हॉटेलच्या किंवा लॉजच्या खोलीत टेबलावर उपडा घालून ठेवलेला काचेचा पेला मात्र या चर्चेत कधी येत नाही. चादरीवर डाग दिसला तर पाहुणा स्वागतकक्षात जाऊन आवाज चढवतो, बाथरूममध्ये केस दिसला तर खोली बदलून मागतो. पण ज्या वस्तूला प्रत्यक्ष ओठ लागतात तिच्याविषयी तो एक प्रश्नही विचारत नाही, कारण काच चमकत असते आणि चमकणारी काच स्वच्छच असणार असे आपण सगळे गृहीत धरतो. मी मुंबईतील हॉटेलांच्या हाऊसकीपिंग, म्हणजे खोल्यांची साफसफाई पाहणाऱ्या विभागात उमेदवारीपासून पर्यवेक्षिकेच्या पदापर्यंत नोकरी केली असून आता निवृत्त आहे. या विषयावर बाहेरच्या माणसाने लिहिले तर ती तक्रार ठरते आणि नोकरीत असलेल्याने लिहिले तर शिस्तभंग ठरतो, म्हणून निवृत्तीनंतर हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की खोलीतील पेला, कप आणि किटली या वस्तू हॉटेलात कोणत्याच विभागाच्या नाहीत, आणि त्यांच्या अस्वच्छतेचे मूळ कामगाराच्या आळसापेक्षा या बेवारसपणात आहे.

उपाहारगृहातील पेला आणि खोलीतील पेला हे एकाच खोक्यातून आलेले असू शकतात, पण पाहुण्याने वापरल्यानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. उपाहारगृहातील पेला स्वयंपाकघरामागच्या धुलाई विभागात जातो. या विभागाला हॉटेलांत स्टुअर्डिंग म्हणतात. तेथे भांडी धुण्याचे यंत्र असते आणि चांगल्या यंत्रात शेवटचे विसळणे सुमारे ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने होते. यंत्र नसेल तर तीन कुंड्यांची पद्धत असते : पहिल्या कुंडीत साबणाने घासणे, दुसरीत विसळणे आणि तिसरीत निर्जंतुक करणे. या तिसऱ्या टप्प्यासाठी अमेरिकेच्या अन्नसंहितेत ७७ अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद बुडवून ठेवण्याचा किंवा दशलक्ष भागांत ५० ते १०० भाग क्लोरीन असलेल्या पाण्याचा पर्याय दिलेला आहे. त्यानंतर भांडे पुसायचे नसते, जाळीवर उपडे घालून हवेत वाळू द्यायचे असते, कारण निर्जंतुक केलेले भांडे फडक्याने पुसले की फडक्यातील सर्व काही पुन्हा त्यावर येते.

खोलीतील पेल्याची वाट फारच आखूड असते. तो खोलीतून निघून बाथरूममधल्या वॉशबेसिनपर्यंत जातो आणि तेथूनच परत टेबलावर येतो. पाणी बहुधा कोमट किंवा गार असते, साबण असलाच तर पाहुण्याच्या हात धुण्याच्या साबणातला उरलेला, आणि पुसण्यासाठी हाताशी असते ते खोलीतून काढायचे म्हणून बाजूला टाकलेले पाहुण्याचे वापरलेले पंचे. पेल्यावर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून आरशासाठी वापरायचा निळा फवारा, ज्याला हाऊसकीपिंगमध्ये आर-थ्री म्हणतात, काही ठिकाणी पेल्यावरही मारला जातो. हा फवारा आरसे आणि खिडक्यांसाठी आहे, तोंडाला लागणाऱ्या भांड्यासाठी नाही. प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते आणि गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी हेच विसरले जाते. सर्वच हॉटेलांत असे चालते असे मी म्हणत नाही. ज्या हॉटेलांत मजल्यावरच्या पॅन्ट्रीत, म्हणजे सामान ठेवण्याच्या छोट्या खोलीत, धुतलेल्या पेल्यांच्या जाळ्या रोज खालून येतात आणि वापरलेले पेले खाली जातात अशा ठिकाणीही मी काम केले आहे, आणि तेथे हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. अशी हॉटेले थोडी आहेत. खोलीचे भाडे किती आहे यावरून ती ओळखता येतात, असेही नाही.

हा आपल्याकडचाच दोष आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेत अटलांटा येथील एका दूरचित्रवाणी वाहिनीने २००७ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणात हॉटेलचे कर्मचारी पेले न बदलता खोलीतच विसळून, पुसून जागेवर ठेवत असल्याचे दिसले होते. चीनमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्षानुवर्षे हॉटेलांतच राहणाऱ्या एका पाहुण्याने १४ आलिशान हॉटेलांतील चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात ज्या फडक्याने वा पंच्याने वॉशबेसिन आणि इतर भाग पुसला त्यानेच कप पुसले जात असल्याचे दिसत होते. त्यावर देशभर गदारोळ झाला, सरकारने अनेक शहरांत तपासणीचे आदेश दिले, हॉटेलांनी माफी मागितली. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांतील काहींना झालेला दंड मात्र त्यांच्या एका रात्रीच्या भाड्याच्या आसपासचा होता. दंड इतका किरकोळ का होता याचे कारण मला नेमके ठाऊक आहे असे वाटते : कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघर असते, खोली नसते.

कामगारांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण अशा चित्रफिती पाहून लोकांचा राग त्यांच्यावरच निघतो. एका रूम अटेंडंटला एका पाळीत साधारणपणे बारा ते सोळा खोल्या दिल्या जातात. चौदा खोल्या धरल्या आणि आठ तासांतून जेवण, चहा व ट्रॉली भरण्याचा वेळ वजा केला तर एका खोलीला जेमतेम अर्धा तास येतो. एवढ्या वेळात पलंगाची चादर, उशांचे अभ्रे आणि पंचे बदलायचे, कमोडपासून शॉवरच्या काचेपर्यंत बाथरूम घासायचे, धूळ झाडायची, फरशी पुसायची, कचरा काढायचा आणि तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षकाच्या यादीतील प्रत्येक गोष्ट जागेवर लावायची असते. दुपारी बाराला खोल्या रिकाम्या होतात आणि दोनला नवे पाहुणे दारात उभे असतात, त्यामुळे स्वागतकक्षातून दर पाच मिनिटांनी फोन येत असतो. अशा वेळी दोन पेले आणि दोन कप घेऊन मजल्याच्या टोकाला असलेल्या पॅन्ट्रीत जाणे, तेथे धुतलेले नसतील तर खालून मागवणे आणि ते येईपर्यंत थांबणे हे हिशेबात बसतच नाही. त्यातून आता या कामावरचे बरेच जण कंत्राटी असतात. त्यांना लाल फडके कमोडचे आणि निळे फडके फर्निचरचे हे सांगितलेले असते, पण ट्रॉलीवर त्या दिवशी लाल आणि निळे दोन्ही पुरेसे असतीलच याची हमी देणारा कोणी नसतो. पर्यवेक्षक काय पाहतो, तर पेला उजेडाकडे धरून डाग आहे का ते. मीही वर्षानुवर्षे हीच तपासणी करीत आले आणि त्या पद्धतीने जंतू कधीच सापडत नाहीत.

पेल्याची जागा हादेखील एक प्रश्न आहे. दात घासण्यासाठी म्हणून दोन पेले वॉशबेसिनच्या ओट्यावर ठेवण्याची प्रथा आहे आणि मुंबईतल्या हॉटेलांची बाथरूम एवढी लहान असतात की तो ओटा आणि कमोड यांत हातभराचेच अंतर असते. झाकण उघडे ठेवून फ्लश केला की सूक्ष्म तुषार हवेत उडतात हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. पाहुणा रात्री गोळी घेण्यासाठी नेमका तोच पेला उचलतो, कारण नळ तेथे असतो.

किटलीची कथा आणखी गुंतागुंतीची आहे आणि ती खास आपली आहे. विजेची किटली ही पाणी उकळण्याची वस्तू आहे. पाणी उकळले की वाफ एका मार्गाने दोन धातूंच्या पट्टीपर्यंत पोहोचते, पट्टी वाकते आणि वीज बंद होते, एवढेच तिचे यंत्रशास्त्र. आपल्याकडचे पाहुणे तिच्यात दूध तापवतात, मॅगी शिजवतात, अंडी उकडतात, थेट चहापत्ती आणि साखर टाकून चहाही करतात. मला त्यांना नावे ठेवायची नाहीत. रात्री दोन वाजता तान्हे मूल रडू लागले आणि लहान हॉटेलातले स्वयंपाकघर अकरालाच बंद झालेले असले तर आई दूध कशात गरम करणार? बाहेरगावाहून परीक्षेसाठी आलेल्या मुलाला रूम सर्व्हिसचा दर परवडत नसेल तर त्याने काय खावे? पण त्याचे परिणाम पुढच्या पाहुण्याला भोगावे लागतात हेही खरे. दूध उतू गेले की त्याचा फेस वाफेच्या मार्गात शिरतो आणि तेथेच वाळतो. तळाच्या तापलेल्या पत्र्यावर दुधाचा थर करपून चिकटतो, मसाल्याचा तेलकट तवंग झाकणाच्या आतल्या बाजूला आणि चोचीच्या जाळीत राहतो. किटलीला विजेची जोडणी असल्याने ती इतर भांड्यांसारखी पाण्यात बुडवून घासता येत नाही, धुलाईच्या यंत्रात घालता येत नाही, म्हणून ती स्टुअर्डिंगला चालत नाही. आणि ती भांडे आहे, फर्निचर नाही, म्हणून हाऊसकीपिंगच्या यादीत तिच्यापुढे फक्त ‘बाहेरून पुसणे’ असे लिहिलेले असते. आत हात घालून घासणे हे कोणाच्याच कामात नसते.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की पाणी तर उकळतेच, मग जंतू मरणारच. हे अर्धे खरे आहे. खळखळून उकळलेल्या पाण्यात रोग पसरवणारे बहुतेक जीवाणू आणि विषाणू मरतात, याबद्दल वाद नाही. मात्र दुधाच्या व शिजवलेल्या अन्नाच्या अवशेषांत वाढणाऱ्या बॅसिलस सेरियससारख्या जीवाणूंचे बीजाणू शंभर अंशांनाही तग धरतात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूने एकदा अन्नात विष तयार केले की जीवाणू मेला तरी ते विष उकळण्याने नष्ट होत नाही. याहून साधी गोष्ट अशी की उकळते ते पाणी, कप उकळत नाही. कपात गरम पाणी ओतले तरी ते काठापर्यंत कोणी भरत नाही, आणि आधीच्या पाहुण्याचे ओठ लागलेले असतात ते नेमके काठाला. ते पाणी कपात पडताक्षणी निवू लागते हे वेगळेच. पाहुण्यांसमोर पेल्यावर सॅनिटायझर शिंपडून पुसण्याची जी पद्धत कोविडच्या काळात रूढ झाली तिचाही फारसा उपयोग नाही, कारण उलट्या-जुलाबांना कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. त्याला साबण, भरपूर पाणी आणि घासणे लागते.

किटलीच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या थराविषयीही एक निरीक्षण नोंदवते. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतून मुंबईला येणारे पाणी पावसाचे साठवलेले, म्हणजे स्वभावतः मृदू आहे. घरात महापालिकेचे पाणी वापरणाऱ्या मुंबईकराच्या किटलीत क्षारांचा जाड थर सहसा बसत नाही. हॉटेलच्या किटलीत तो जाड दिसला तर इमारतीत टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी येत असावे अशी शंका घ्यायला जागा असते. हा थर स्वतः विषारी नसतो, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला घाण धरून राहते. सायट्रिक आम्लाची पूड पाण्यात घालून उकळली की तो निघतो. पूड स्वस्त आहे आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. तरीही बहुतेक ठिकाणी किटली क्षाराने पार भरली की ती टाकून नवी घेतली जाते, कारण खरेदीच्या खात्यात त्यासाठी तरतूद असते आणि साफ करणाऱ्याच्या वेळापत्रकात नसते.

कॉफीयंत्रांचा प्रसार अजून महागड्या खोल्यांपुरता आहे, म्हणून त्यावर थोडेच लिहिते. कॅप्सूल घालून चालणाऱ्या यंत्राच्या आत पाणी गरम होते, परंतु पाण्याची टाकी, वापरलेल्या कॅप्सूलचा डबा आणि खालचा ठिबकणारा ट्रे हे तिन्ही भाग गरम होत नाहीत आणि कायम ओले राहतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दहा यंत्रांच्या ट्रेमधील द्रवाची तपासणी केली, तेव्हा कॅफिन असूनही त्यात स्यूडोमोनास आणि एन्टेरोकोकस या वर्गांतले जीवाणू मोठ्या प्रमाणात वाढलेले आढळले. ते जीवाणू कॉफीत उतरतातच असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. पण ट्रे नियमितपणे धुवावा हा त्याचा उघड अर्थ आहे. गाळणीच्या पद्धतीच्या जुन्या यंत्रात तर पाहुणा गेल्यावर ओला चोथा तसाच राहतो आणि खोली चार दिवस रिकामी राहिली तर त्यावर बुरशी येते. टाकीतले शिळे पाणी ओतून देणे हे तीस सेकंदांचे काम आहे, परंतु तपासणीच्या यादीत ‘कॉफीयंत्र – आहे/नाही’ एवढाच रकाना असेल तर ते कोण करणार?

आतापर्यंत लिहिले ते मोठ्या हॉटेलांविषयी. मला खरी काळजी आहे ती परळ, दादर, मुंबई सेंट्रल आणि रेल्वेस्थानकांच्या आसपासच्या लहान लॉजची. परळला टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया ही रुग्णालये पायी अंतरावर आहेत. विदर्भ, मराठवाडा, कोकणातून आणि थेट बंगाल-बिहारमधूनही रुग्ण येतात, केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाणे शक्य नसते म्हणून आठवडेच्या आठवडे लॉजमध्ये राहतात. धर्मशाळांत प्रत्येकाला जागा मिळत नाही. केमोथेरपीने रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि निरोगी माणसाला एक दिवसाच्या पोटदुखीवर सोडणारा संसर्ग अशा रुग्णाला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकतो. डॉक्टर त्याला पाणी उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका असे सांगतात. तो ते पाळतो; पाणी उकळतो, आणि लॉजने दिलेल्या पाण्याच्या प्लॅस्टिक जगमध्ये भरून लॉजच्याच पेल्यातून पितो. तो जग शेवटचा कधी घासला होता हे व्यवस्थापकालाही सांगता येत नाही. अशा जगाच्या तोंडाशी आतल्या बाजूने बोट फिरवले की एक बुळबुळीत थर हाताला लागतो. हा जीवाणूंचाच थर असतो, तो विसळण्याने जात नाही, घासावाच लागतो, आणि जगाचे तोंड अरुंद असल्याने आत हात जात नाही. बाटली घासायचा लांब दांड्याचा ब्रश ठेवण्याएवढाही खर्च जेथे होत नाही तेथे रुग्णाला खोली भाड्याने देण्याचा परवाना कशाच्या आधारावर दिला जातो?

परवान्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याची स्थिती पाहू. लॉज आणि खाद्यगृहे यांना मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खाली महापालिकेचा परवाना लागतो आणि विभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना तपासणीचा अधिकार असतो. अन्नपदार्थ देणाऱ्या हॉटेलला त्याशिवाय अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली परवाना घ्यावा लागतो, तो अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत येतो, आणि २०११ च्या परवाना विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत पाणी, भांडी, उपकरणे व कामगारांची स्वच्छता यांविषयी तपशीलवार अटी आहेत. अस्वच्छ परिस्थितीसाठी याच अधिनियमाच्या कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायदा नाही असे नाही. परंतु अन्न सुरक्षा अधिकारी येतो तो स्वयंपाकघरात, शीतगृहात आणि धुलाई विभागात. लिफ्टने सातव्या मजल्यावर जाऊन पॅन्ट्री उघडून पाहणारा अधिकारी माझ्या नोकरीच्या काळात मी कधी पाहिला नाही. पर्यटन मंत्रालयाची तारांकन समिती खोल्या पाहते, पण ते वर्गीकरण ऐच्छिक आहे, पाच वर्षांसाठी असते आणि समिती येणार हे आधी ठाऊक असल्याने त्या दिवशी हॉटेलात नव्या पेल्यांची खोकी उघडलेली असतात. चहाची पुडी, साखर, दुधाची भुकटी आणि पाण्याची बाटली हॉटेल खोलीत ठेवते आणि त्याचे मोल भाड्यात घेते. ती अन्नसेवाच आहे. ज्या कपात ती घ्यायची तो कप अन्नसेवेच्या अटींतून सुटतो कसा?

खर्चाचे कारण पुढे केले जाईल म्हणून त्याचाही हिशेब मांडते. शंभर खोल्यांच्या हॉटेलात खोलीला दोन पेले आणि दोन कप धरले तर चारशे नग होतात. धुलाईच्या यंत्राच्या एका जाळीत पंचवीस पेले बसतात, म्हणजे सोळा जाळ्या. एका जाळीला यंत्रात दोन मिनिटे धरली तरी सर्व खोल्यांचे पेले अर्ध्या-पाऊण तासात ८२ अंशांच्या पाण्यातून निघतात, आणि हे यंत्र न्याहारीची गर्दी ओसरल्यावर तसेही रिकामेच असते. खरा खर्च आहे तो तीन संच पेल्यांचा, मजल्यांवर जाळ्या नेणाऱ्या एका माणसाचा आणि फुटण्याचा. हा खर्च नगण्य नाही, पण स्वागताला ठेवलेल्या फुलांवर आणि पलंगावर पंच्याचा हंस करून बसवण्यावर जो वेळ व पैसा जातो त्याच्यापुढे तो जड वाटू नये. त्या हंसाचे मला कधीच कौतुक वाटले नाही.

कागदी कप हा सोपा पर्याय म्हणून काही हॉटेलांनी स्वीकारला आहे. राज्यात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर बंदी आहे, आणि २०२२ पासून आतून प्लॅस्टिक चढवलेले कागदी कपही त्या बंदीत येतात. चहाच्या नेहमीच्या कागदी कपाच्या आतल्या बाजूला असाच प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले की शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे अशा कपात राहिले तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. गार पाण्यासाठी गुंडाळलेला कागदी पेला ठीक आहे, चहासाठी तो उत्तर नव्हे. उत्तर काचेचा, चिनीमातीचा किंवा लहान लॉजसाठी सरळ स्टीलचा पेलाच आहे, फक्त तो योग्य ठिकाणी धुतला गेला पाहिजे. स्टीलचे फुटत नाही, उकळत्या पाण्यात टाकता येते आणि आपल्या प्रत्येक घरात ते वर्षानुवर्षे वापरात आहे. हॉटेलवाल्यांना त्याची लाज का वाटते हे मला समजलेले नाही.

अन्न व औषध प्रशासनाने आणि महापालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मिळून एक साधे परिपत्रक काढावे अशी माझी मागणी आहे. खोलीतील पेले व कप खोलीत धुण्यास पूर्ण मनाई असावी. वापरलेले नग उचलून स्वयंपाकघरातील धुलाईतून आलेले नग ठेवावेत, आणि पॅन्ट्री हा अन्न परवान्याच्या तपासणीचा भाग समजावा. किटली आणि कॉफीयंत्र यांच्या आतल्या स्वच्छतेची जबाबदारी कोणत्या विभागाची हे हॉटेलने लेखी ठरवावे. पाहुणा गेल्यावर किटली उघडून, घासून, कोरडी करून झाकण उघडे ठेवावे, आणि तारखेची नोंद पॅन्ट्रीत असावी. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असा जो दंडक अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या प्रशिक्षण योजनेत आहे, त्यात मजल्यावरच्या कामगारांनाही मोजावे, कारण ओठाला लागणारे भांडे तेही हाताळतात. हे होताना एका पाळीतल्या खोल्यांची संख्या एक-दोनने कमी करावी लागेल. ती न करता फक्त परिपत्रक काढले तर रकान्यात खूण होईल आणि पेला वॉशबेसिनमध्येच राहील. आणि रात्री तान्ह्या मुलासाठी दूध तापवायला स्वागतकक्षात एखादी हॉटप्लेट व लहान पातेले ठेवले तर किटल्यांचे आयुष्यही वाढेल.

तोपर्यंत पाहुण्यांनी काय करावे? किटलीचे झाकण उघडून आधी वास घ्यावा. दुधाचा किंवा मसाल्याचा वास आला तर ती बदलून मागावी. वास नसला तरी एकदा पूर्ण भरून उकळून ते पाणी ओतून द्यावे. पेले बाथरूमच्या ओट्यावरचे वापरू नयेत, उपाहारगृहातून मागवावेत. मागितले तर कोणतेही हॉटेल नाही म्हणत नाही. जमल्यास सामानात एक फुलपात्र टाकावे. तक्रार केली आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना खोली साफ करणाऱ्या मुलाचे नाव न विचारता हॉटेलच्या व्यवस्थापकाला एवढेच विचारावे, की हा पेला कोठे धुतला जातो.

परिपत्रक निघेपर्यंत काही महिने जातील याची मला कल्पना आहे. त्याआधी महापालिकेच्या परळ आणि दादरच्या विभाग कार्यालयांतील आरोग्य अधिकाऱ्यांनी रुग्णालयांभोवतीच्या लॉजपासून सुरुवात केली, आणि पाण्याचे जग व पेले प्रत्यक्ष उचलून पाहिले, तर त्याला नव्या कायद्याची गरज नाही. हातातला अधिकार पुरेसा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हाऊसकीपिंग पर्यवेक्षिका
परळ, मुंबई